जर्नलात खरे रीडिंग लिहू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या महाविद्यालयांत प्रथम वर्ष विज्ञानाचे दुसरे सत्र थंडीत सुरू होते आणि एसटी स्टँडवर हापूसच्या पेट्या दिसू लागतात तेव्हा संपत आलेले असते. या काळात रसायनशास्त्राच्या जर्नलांतून, म्हणजे प्रयोगवह्यांतून, एक आकडा हमखास भेटतो: ४.७६. ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट, दोन्ही ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) असलेल्या बफरचा, म्हणजे थोडे आम्ल किंवा अल्कली पडले तरी फारसा न बदलणाऱ्या द्रावणाचा, हा सामू (पीएच, आम्लतेचे माप). सूत्रात दोघांचे प्रमाण सारखे घातले की लॉगचा भाग शून्य होतो आणि उत्तर ४.७६ येते. पण तोच बफर नीट जुळवलेल्या पीएच मीटरखाली धरला तर आकडा ४.६५ च्या आसपास थांबतो. मीटर बिघडलेला नसतो. द्रावणातले आयन एकमेकांच्या ओढीत असतात, त्यामुळे ॲसिटेट आयन जेवढे घातले त्याच्या पाऊण हिश्शाहून जरा जास्त असल्यासारखे वागतात. पुस्तकातले साधे सूत्र हे धरत नाही. ०.११ चा फरक पडतो तो एवढ्याचसाठी.

विद्यार्थी काय करतो? ४.६५ खोडतो आणि ४.७६ लिहितो. जर्नलावर सही होते. दुसऱ्या सत्रात शिकण्यासारखी जी गोष्ट होती, ती खोडरबराखाली जाते. या पत्राचा विषय एवढाच आहे, की प्रॅक्टिकलला आलेले रीडिंग जसे आले तसे लिहू द्यावे, आणि ते पुस्तकाशी का जुळले नाही हे विचारावे. कोकणात याची गरज जास्त आहे, कारण इथली हवा, इथले पाणी आणि इथले तापमान पुस्तकातल्या प्रयोगशाळेसारखे नाही.

पहिल्या सत्रात अणुरचना, मोल, समीकरणे असतात. तिथे पाठांतरावर थोडेफार निभावते. दुसऱ्या सत्रात अभिक्रियेचा वेग, समतोल, आम्ल-आम्लारी, विद्राव्यता, उष्णता, विद्युतघट असे विषय येतात. विद्यापीठाप्रमाणे क्रम थोडा पुढेमागे होतो, पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: प्रत्येक स्थिरांकामागे तापमान लिहिलेले असते, आणि ते बहुतेक वेळा २५ अंश असते. एप्रिलमध्ये दुपारी तीनच्या बॅचला आमच्या किनाऱ्यावर कुठल्या प्रयोगशाळेत २५ अंश असतात? ३२-३३ नेहमीचेच.

सगळ्यात मोठा फटका वेगाच्या प्रयोगाला बसतो. मिथाइल ॲसिटेटचे आम्लाच्या सान्निध्यात पाण्याने विघटन हा जवळपास सगळीकडे असलेला प्रयोग. १०० मिली ०.५ नॉर्मल (हेही द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) हायड्रोक्लोरिक आम्लात ५ मिली एस्टर, म्हणजे हे मिथाइल ॲसिटेट, घालायचे, ठरावीक मिनिटांनी ५ मिली पिपेटने काढून बर्फगार पाण्यात सोडायचे आणि सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करायचे, म्हणजे आम्ल संपायला ब्युरेटमधून ही अल्कली किती लागते ते मोजायचे. या अभिक्रियेचा वेग दहा अंशांमागे दुप्पट ते अडीचपट होतो. म्हणजे एका अंशाला सात ते नऊ टक्के. जानेवारीत सकाळच्या बॅचने २४ अंशांना केलेला प्रयोग आणि एप्रिलमध्ये दुपारच्या बॅचने ३३ अंशांना केलेला प्रयोग यांच्या वेगस्थिरांकांत सुमारे दुपटीचा फरक यायलाच हवा. दोन्ही जर्नलांत एकच आकडा दिसला तर त्यातला निदान एक तरी प्रयोगातून आलेला नाही, असे बेलाशक समजावे.

थर्मोस्टॅट नसला तरी हा प्रयोग चांगला होतो. प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात सात-आठ लिटर पाणी सकाळीच भरून ठेवावे. दुपारपर्यंत ते खोलीच्या तापमानाला येते आणि तासाभरात फार तर अर्धा अंश हलते. आम्लाची बाटली आणि एस्टरची बंद परीक्षानळी दोन्ही त्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून मगच एकत्र करावीत. फ्लास्क टेबलावर ठेवला आणि वरून पंखा सुरू असला तर तापमान कुठे गेले ते कुणालाच कळत नाही. पिपेटमधले अर्धे द्रावण बर्फाच्या पाण्यात उतरले तो क्षण वेळ म्हणून लिहावा. बर्फाची अडचण किनाऱ्यावर खरे तर नसावी. मासळीसाठीचा बर्फ बंदराजवळच्या कारखान्यात मिळतो. तो फ्लास्कच्या बाहेरून लावायला उत्तम. आत मात्र तो घालू नये, त्यात काय काय विरघळलेले असते ते सांगता येत नाही. आत जायचे ते ऊर्ध्वपातित पाणी, आधीच फ्रिजमध्ये गार केलेले.

याच प्रयोगात एक गणित आधी करून पाहावे, ते सहसा केले जात नाही. ५ मिली एस्टर म्हणजे सुमारे ०.०६३ मोल. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर ५ मिली नमुन्यात मूळ आम्लाचे सुमारे २.४ आणि नव्या ॲसिटिक आम्लाचे ३ मिलीइक्विव्हॅलंट (१ नॉर्मल द्रावणाच्या १ मिलीत असते तेवढे) असतात. ०.१ नॉर्मल अल्कली वापरली तर शेवटचे, म्हणजे अनंत काळाचे रीडिंग ५४ मिलीच्या घरात जाते. ब्युरेट ५० ची! ती मध्येच पुन्हा भरावी लागते आणि दोन जादा रीडिंगांची चूक त्यात मिसळते. अल्कली ०.२ नॉर्मल घेतली की तेच रीडिंग २७ मिलीवर येते.

हे अनंत काळाचे रीडिंग घाईने घ्यायचे म्हणून फ्लास्क गरम पाण्यात ठेवतात. मिथाइल ॲसिटेट ५७ अंशांनाच उकळते. बूच सैल असले तर एस्टर उडून जाते, रीडिंग कमी भरते, आणि मग काढलेला स्थिरांक प्रत्येक पुढच्या वेळेला वाढत जातो. आलेख सरळ न राहता वर वाकतो. असा वाकलेला आलेख दिसला की फुटपट्टी लावून सरळ करायचा नसतो, बूच तपासायचे असते. आमच्याकडच्या उष्णतेत फ्लास्क घट्ट बंद करून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तरी अभिक्रिया पुरी होते, तापवायची गरजच नाही. आणखी एक बारकावा: फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा, म्हणजे आम्ल संपल्याचे रंगाने दाखवणाऱ्या द्रव्याचा, गुलाबी रंग थोड्या वेळाने फिका पडतो, कारण उरलेले एस्टर अल्कलीतही विघटन पावते. दहा-पंधरा सेकंद टिकलेला पहिला गुलाबी हाच एंड पॉइंट, म्हणजे टायट्रेशन थांबवायची खूण. रंग गेला म्हणून थेंबामागून थेंब घालत बसले तर एक-दोन मिली सहज जास्त जाते.

इथे एसटीचा प्रश्न येतो, आणि तो रसायनशास्त्राच्या बाहेरचा नाही. खेड्यांतून येणारी मुले साडेचार-पाचची गाडी चुकली तर रात्रीपर्यंत अडकतात. तासाभराच्या वाचनांचा प्रयोग चाळीस मिनिटांत गुंडाळला जातो आणि उरलेले आकडे शेजारच्या जर्नलातून येतात. दोष मुलांचा नाही. आम्लाचे प्रमाण ०.५ ऐवजी १ नॉर्मल घेतले तर वेग दुप्पट होतो, कारण तो आम्लाच्या प्रमाणात वाढतो. मग दहाऐवजी पाच मिनिटांनी वाचन घेऊन अर्ध्या तासात तेवढीच माहिती मिळते. ०.२ नॉर्मल अल्कलीने शेवटचे रीडिंग ३९ मिलीच्या आसपास येते, म्हणजे ब्युरेटमध्ये बसते. अभ्यासक्रमातला प्रयोग तोच राहतो, गाडीही मिळते.

आता सोडियम हायड्रॉक्साइड. ४ ग्रॅम गोळ्या एक लिटर पाण्यात म्हणजे ०.१ नॉर्मल, असे गणित पाटीवर लिहिले जाते आणि बाटलीवर तसे लेबल चिकटते. आपल्या हवेत डबी दोन मिनिटे उघडी राहिली तरी गोळ्या चिकट होतात, पावसाळ्यात तर त्यांचे पाणीच होते. वजन केलेल्या ४ ग्रॅममध्ये पाणी किती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून झालेला कार्बोनेट किती, हे तराजू सांगत नाही. म्हणून या द्रावणाचे प्रमाण ऑक्झॅलिक आम्लाने ठरवल्याशिवाय ते वापरू नये. १.५७६ ग्रॅम स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल २५० मिलीच्या चंबूत म्हणजे नेमके ०.१ नॉर्मल. दर्शक फिनॉल्फ्थॅलिनच. मिथाइल ऑरेंज ३.१ ते ४.४ सामूला रंग बदलते, तोवर ऑक्झॅलिक आम्ल पुरते उदासीन झालेलेच नसते. अल्कलीत कार्बोनेट जास्त झाला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाशी दोन्ही दर्शकांनी टायट्रेशन करून पाहावे. फिनॉल्फ्थॅलिनला कार्बोनेट अर्धाच दिसतो, मिथाइल ऑरेंजला पूर्ण. दोन रीडिंगांतला फरक हाच बाटली किती शिळी झाली याचा पुरावा. असे निघालेले ०.०९४ नॉर्मल बाटलीवर तारखेसह लिहावे. त्यात कमीपणा काही नाही. जर्नलात ०.१ लिहून पुढचे सगळे गणित सहा टक्के चुकवण्यात आहे.

जाता जाता: अल्कली काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नये, बूच कायमचे बसते. काचेच्या चावीच्या ब्युरेटमध्ये ती रात्रभर राहिली तर चावीही जाते.

पीएच मीटरबद्दल दोन गोष्टी. त्यावर तापमानाचे बटण असते आणि ते वर्षानुवर्षे २५ वर असते. सामूच्या एका एककामागे इलेक्ट्रोडचे व्होल्टेज किती बदलते ते नर्न्स्टचे समीकरण सांगते; त्यातला ५९.२ मिलिव्होल्टचा उतार २५ अंशांचा आहे, ३२ अंशांना तो ६०.५ होतो. एकाच बफरवर, सामू ७ वर, मीटर जुळवला आणि ४ च्या सामूचे द्रावण मोजले, तर फक्त या बटणामुळे ०.०७ ची चूक येते. ती टाळायला थर्मामीटर बुडवून बटण फिरवायचे, आणि ७ व ४ अशा दोन बफरांवर मीटर जुळवायचा. दुसरी गोष्ट इलेक्ट्रोडची. तो ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. पाण्यात आतले पोटॅशियम क्लोराइड हळूहळू बाहेर जाते आणि इलेक्ट्रोड मंद होतो, आकडा स्थिर व्हायला मिनिट-दीड मिनिट लागते. टोपणात ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरून ठेवावे. शिमग्याच्या सुट्टीआधी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी हे पाहणे कुणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे, कारण काचेचा गोळा वाळला की तो पुन्हा पूर्वीसारखा होईलच याची खात्री नसते.

शुद्ध पाण्याचा सामू ७ हेही २५ अंशांचेच वाक्य आहे. ३० अंशांना उदासीन पाण्याचा सामू ६.९२ असतो, आणि तरीही ते आम्लधर्मी नसते, कारण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन संख्येने सारखेच असतात. उघड्या कॅनमधले ऊर्ध्वपातित पाणी मात्र ५.६ ते ६ दाखवते, ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ही दोन कारणे वेगळी आहेत, आणि तोंडी परीक्षेत विचारावा असा याहून चांगला प्रश्न समतोलाच्या प्रकरणात सापडणार नाही.

तापमानाचा बाऊ सगळीकडे करायचा नाही, हेही सांगायला हवे. जस्त-तांब्याच्या घटात दोन्ही द्रावणे ०.१ मोलर असली की १.१० व्होल्टच्या जवळ येतात, मग हवा २५ अंशांची असो की ३२ ची. कॉपर सल्फेट दहापट पातळ केले की व्होल्टेज ३० मिलिव्होल्टने उतरते. हा उतार मल्टिमीटरच्या २००० मिलिव्होल्टच्या पट्टीवर दिसतो, २० व्होल्टच्या पट्टीवर तो शेवटच्या अंकात हरवतो. या प्रयोगात आपल्याकडे खरा शत्रू खारी हवा. जस्ताच्या पट्टीवर पांढुरका थर चढतो, म्हणून दर वेळी पॉलिश पेपरने घासावी, धुवावी आणि लगेच वापरावी. दोन द्रावणे जोडणाऱ्या सॉल्ट ब्रिजला वाकवलेली नळी नसेल तर पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी पुरते. ती वाळत आली की आकडा नाचू लागतो.

उष्णतेच्या प्रयोगाला तर किनारा सोयीचाच. १ मोलर आम्ल आणि १ मोलर अल्कली प्रत्येकी ५० मिली मिसळली तर तापमान पावणेसात अंशांच्या आसपास चढायला हवे. काचेच्या जाड बीकरमध्ये ते पाच-साडेपाचच भरते, उरलेली उष्णता काच खाते. मासळीच्या थर्माकोलच्या पेटीचा तुकडा कोरून त्यात पातळ प्लॅस्टिकचा पेला बसवला की फरक बराच कमी होतो.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनमध्ये चुका ठरलेल्या आहेत. द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचे, उकळायचे नाही, नाहीतर ऑक्झॅलिक आम्लच विघटन पावते. पहिल्या थेंबांचा रंग सावकाश जातो म्हणून घाबरायचे नाही. मँगनीज आयन तयार होऊ लागले की तेच अभिक्रियेला वेग देतात. तपकिरी गढूळपणा आला तर सल्फ्युरिक आम्ल कमी पडले किंवा परमँगनेट भराभर ओतले गेले. आम्ल सल्फ्युरिकच हवे. हायड्रोक्लोरिक घातले तर परमँगनेट क्लोराइडवर खर्च होते. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटवर वरची कड वाचायची, आणि ती शेवटपर्यंत वरचीच वाचायची.

आता पाणी. मार्चनंतर कोकणात पाण्याची ओढाताण सुरू होते. वर अतोनात पाऊस पडणारा हा प्रदेश, पण जांभ्यात पाणी टिकत नाही. खाडीकाठच्या विहिरींत उन्हाळ्यात खारेपणा चढतो. अशा पाण्याने विसळलेल्या परीक्षानळीत क्लोराइडची चाचणी केली तर नमुन्यात क्लोराइड नसतानाही पांढरा साका दिसतो आणि विद्यार्थी नसलेला क्लोराइड शोधून काढतो. उपाय साधा आहे. रोज पहिल्यांदा नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन मिली घेऊन, विरल नायट्रिक आम्ल घालून, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. ते पाणी गढूळ झाले तर त्या दिवशीच्या सगळ्या चाचण्या संशयित. विसळताना एकदम भरपूर पाणी ओतण्यापेक्षा पाच-पाच मिलीने तीन वेळा विसळले तर पाणी कमी लागते आणि भांडे जास्त स्वच्छ होते. पाणी जपण्याचा हा मार्ग गणिताने सिद्ध करता येतो. प्रत्येक वेळी भांड्यात अर्धा मिली चिकटून राहिले तर पाच मिलीच्या एका विसळण्यात आधीचा अकरावा हिस्सा उरतो, तिसऱ्यात तेराशेवा.

आणि हेच पाणी प्रयोगाचा नमुना का नसावे? वाशिष्ठीच्या खाडीत भरती गोवळकोटपर्यंत पोचते, आणि कोयनेच्या वीजकेंद्रांतून सोडलेले गोडे पाणी त्याच नदीला मिळते. दाभोळच्या तोंडापासून चिपळूणपर्यंत चार ठिकाणचे पाणी, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला भरून आणले, तर मोहरच्या पद्धतीने (सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने) क्लोराइड मोजण्याचा इतका जिवंत प्रयोग पुस्तकात मिळणार नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते, म्हणून ते थेट घ्यायचे नाही. १० मिली पिपेटने घेऊन १ लिटरच्या चंबूत पातळ करायचे, त्यातले २५ मिली घ्यायचे, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकायचे आणि ०.०१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन करायचे. रीडिंग साडेतेरा मिलीच्या आसपास यायला हवे. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याचेही रीडिंग घेऊन वजा करायचे, कारण द्रावण इतके पातळ असताना विटकरी रंग दिसायलाच थोडे सिल्व्हर नायट्रेट लागते. द्रावण आम्लधर्मी असेल तर क्रोमेट डायक्रोमेट होतो आणि विटकरी साका वेळेवर येत नाही. हाही समतोलच. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, ०.०१ नॉर्मलच्या एका लिटरला १.७ ग्रॅम लागते, म्हणून साका बेसिनमध्ये सोडू नये, काळ्या बाटलीत साठवावा. क्रोमेट विषारी आहे. ते खाडीत जाणे तर मुळीच योग्य नाही.

नमुना म्हणून तिसऱ्या नावाच्या खाण्याच्या शिंपल्याही चालतात. धुऊन, वाळवून, खलात कुटलेली ०.५ ग्रॅम पूड ५० मिली ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायची. बुडबुडे थांबले की हलके उकळून कार्बन डायऑक्साइड घालवायचा, गार करून २५० मिली करायचे. त्यातल्या २५ मिलीला ०.१ नॉर्मल अल्कली लागते, आणि शिंपली शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असती तर बरोबर १५ मिली. जेवढे जास्त लागेल तेवढी शिंपलीत भेसळ निसर्गाची. काजूच्या बोंडूचा हंगाम याच सत्रात येतो, त्यातले क जीवनसत्त्व आयोडीनने मोजता येते. ०.००५ मोलर आयोडीनचा १ मिली म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम. बोंडूतली टॅनिनेही थोडे आयोडीन घेतात, म्हणून आकडा जरा चढा येतो, आणि तसे जर्नलात लिहायचे. रस काढल्यावर लगेच मोजायचा. आयोडीनचे द्रावण उघडे ठेवायचे नाही, आपल्या उकाड्यात ते उडते. कोकमाच्या आगळातले आम्ल मोजायचे असेल तर एकास शंभर पातळ करावे, नाहीतर त्याच्याच लाल रंगात एंड पॉइंट बुडतो. तो रंग स्वतःही दर्शक आहे, अल्कली जास्त झाली की बदलतो.

राहता राहिली मूल्यमापनाची बाब, आणि मूळ दुखणे तिथे आहे. टायट्रेशनच्या तक्त्यात तीन रीडिंगे आणि चौथ्या रकान्यात सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे स्थिर आलेले रीडिंग) हा साचा सगळ्यांना माहीत आहे. एक रीडिंग घ्यायचे आणि तेच ९.८, ९.८, ९.८ असे तीनदा लिहायचे, हेही सगळ्यांना माहीत आहे. ०.१ मिलीच्या खुणा असलेल्या ब्युरेटवर डोळ्याने फार तर ०.०५ वाचता येते, सुरुवातीची आणि शेवटची मिळून ०.१. म्हणजे १० मिलीच्या रीडिंगमध्ये एक टक्का अनिश्चितता बसलेलीच आहे. ९.७, ९.८, ९.९ हे प्रामाणिक तक्त्याचे लक्षण आहे, त्यावर लाल शाई नको. आणि रसायने वाचवायची म्हणून सगळीकडे १० मिलीचे पिपेट आले आहे, ते ठीक, पण मग द्रावणे अशी बेतावीत की रीडिंग १५-२० मिलीच्या घरात येईल.

महाविद्यालयांना, परीक्षकांना आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला आमची विनंती अशी. जर्नलाच्या प्रत्येक प्रयोगावर त्या दिवशीचे खोलीचे तापमान, वापरलेल्या द्रावणांचे ठरवलेले प्रमाण आणि ते ठरवल्याची तारीख, हे तीन रकाने छापावेत. निष्कर्षाखाली तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: पुस्तकातली किंमत, आलेली किंमत, फरकाचे सर्वांत मोठे कारण. परीक्षेत गुण देताना पुस्तकातली किंमत समोर ठेवू नये. परीक्षकाने त्याच दिवशी, त्याच बाटलीतून, त्याच टेबलावर स्वतः रीडिंग घ्यावे आणि त्याच्याशी तुलना करावी. बफरला ४.६५ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत, आणि ४.७६ लिहिणाऱ्याला मीटर दाखवायला सांगावे.

वेळापत्रकात शिमग्याचे आठ-दहा दिवस मोकळेच धरावेत. पालखी घरी येते तेव्हा मुले वर्गात नसतात आणि नसावीतही. पण सुट्टीआधीचे आठवडे टायट्रेशनला आणि सुट्टीनंतरचे वेगाच्या व घटाच्या प्रयोगांना द्यावेत. परत आल्यावर पहिल्या दोन तासिका नवा प्रयोग न घेता अल्कली आणि थायोसल्फेट यांचे प्रमाण पुन्हा ठरवण्यात घालवाव्यात. थायोसल्फेट उकळून गार केलेल्या पाण्यात केले नसेल तर तेवढ्या दिवसांत जिवाणूंमुळे उतरते आणि तळाशी गंधकाचा साका दिसतो. ज्या बाटलीत तो दिसेल ती ओतून टाकून नवी करावी, आणि प्रत्येक टेबलावर एक थर्मामीटर असावा.

आपले,
रसायनशास्त्राचे अध्यापक
रत्नागिरी जिल्हा